टेकडीवरचा तीन स्टेजचा जिओकॅश: लावण्यापासून दुरुस्तीपर्यंतच्या नोंदी

५ एप्रिल

ठरलं एकदाचं. स्वतःचा कॅश लावायचा. शोधत फिरणं मी आणि भाचा खूप दिवस करतोय पण लपवणाऱ्याच्या बाजूला कधी गेलो नव्हतो, आणि ज्यांना लावायचाय त्यांना आमच्या धडपडीचा उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतेय. जिओकॅशिंग म्हणजे काय वगैरे इथं सांगत बसणार नाही. कॅश म्हणजे कुठंतरी लपवलेला डबा, आत वही, इंटरनेटवर त्याचे कोऑर्डिनेट्स म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश, सापडला की सही करून जागच्या जागी ठेवायचा, एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळेल.

प्लॅन असा: टेकडीवर मल्टी, म्हणजे अनेक टप्प्यांचा कॅश. पहिली स्टेज पायथ्याच्या ओढ्यावरच्या छोट्या लोखंडी पुलाखाली, दुसरी चढावरच्या जुन्या दगडी बांधात, फायनल वरच्या कातळाखाली. पहिल्या दोन ठिकाणी फक्त पुढचे कोऑर्डिनेट्स लिहिलेली डबी, शेवटी मोठा डबा आणि वही.

पब्लिश ३ मेलाच व्हायला पाहिजे हा माझा हट्ट. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकेनं मुद्दाम घातलेली गडबड २ मे २००० ला बंद झाली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरनं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली नेऊन ठेवली आणि तिचे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. तोच जगातला पहिला जिओकॅश, आणि त्याला यंदा, २०२५ मध्ये, २५ वर्षं होतायत. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा होता. खायचं ठेवू नये वगैरे नियम तेव्हा कुठले असायला.

भाचा म्हणाला, "मावशी, महिन्यात होईल?" होईल की, त्यात काय.

१२ एप्रिल, डबे

घरात होते नव्हते ते सगळे डबे टेबलावर काढले. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी, चुंबकाची किल्लीची डबी, प्रीफॉर्म म्हणजे बाटली फुगवायच्या आधीची जाड प्लॅस्टिकची नळी, रबरी गास्केटचा चार क्लिपांचा डबा, आणि एक झाकणावर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेला. प्रत्येकात कोरडा टिश्यू घातला, वजन बांधून सगळे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी किल्लीची डबी सोडली तर सगळे कोरडे.

आमच्याकडे एक जुने कॅशर काका आहेत, आमच्याआधीपासून शोधतायत, त्यांना फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर ते म्हणाले, "अगं बादलीत सगळेच पास होतात. आधी उन्हात तापव आणि मग टाक."

तसं केलं. दुपारभर उन्हात, मग थेट गार पाण्यात. रोलच्या डबीत चमचाभर पाणी! आतली गरम हवा आकसते आणि झाकणाच्या कडेनं पाणी आत ओढून घेते, बाहेर रोज दिवसा ऊन आणि रात्री गारठा म्हणजे हे रोजच होणार. झाकणावर वॉटरप्रूफ लिहिलेला डबाही ओला. कोरडे राहिले दोनच, प्रीफॉर्म आणि चार क्लिपांचा. म्हणजे पहिल्या दोन स्टेजला प्रीफॉर्म, फायनलला क्लिपांचा डबा.

रंगात अर्धा दिवस गेला तो वेगळाच. स्प्रे थेट मारला तर वाळल्यावर नखानं पापुद्रे निघायला लागले. सगळं खरवडून पॉलिश पेपरनं डबा खरखरीत केला, प्लॅस्टिकचा प्रायमर मारला, मग मातकट रंग. आणि एक गोष्ट आधीच करा, झाकण जिथं बसतं त्या कडेला मास्किंग टेप लावून घ्या. त्या कडेवर रंगाचा एक ओघळ आला तरी गास्केट नीट बसत नाही.

वहीसाठी पाण्याला टिकणारा कागद घेतला, सोबत पेन्सिल. पेन ठेवूच नका, शाई एकतर वाळते नाहीतर पसरते, शिसं ओल्या कागदावरही टिकतं.

१९ एप्रिल, कोऑर्डिनेट्स

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यानं.

कातळाखाली फोन धरला, स्क्रीनवर अचूकता ४ मीटर. सेव्ह केलं, खाली येऊन मॅपवर बघितलं तर पॉइंट कातळाच्या पलीकडच्या बाजूला. परत वर. या वेळी तिसरीकडेच. दोन रीडिंगमध्ये अक्षांशाचा फरक .००९ मिनिट, आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर, त्या हिशोबानं जवळजवळ १७ मीटर. १७ मीटरच्या वर्तुळात दगड किती असतील विचार करा. आणि शोधणाऱ्याच्या फोनचीही चूक असणार, ती यात धरायची.

कारण साधं आहे. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण इथं अर्धं आभाळ कातळानं झाकलंय आणि उरलेले सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतात. फोनला ते कळत नाही, तो बिनधास्त ४ मीटर दाखवतो. तो आकडा म्हणजे फोनचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

मग काकांची पद्धत. फोन घेऊन जागेपासून चांगलं लांब जायचं, दुसऱ्या दिशेनं परत यायचं, दोनचार मिनिटं थांबायचं, मगच रीडिंग. आणि सगळी रीडिंग एकाच दिवशी नाही, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी, कारण डोक्यावरचे सॅटेलाइट बदलतात. जी रीडिंग भलतीकडे गेली ती काढून टाकायची, बाकीच्यांची सरासरी. शेवटी उलटी तपासणी, ती सरासरी फोनमध्ये टाकून खालून चालत यायचं आणि कुठं पोचतो बघायचं. आम्ही डब्यापासून दोनतीन पावलांवर पोचलो. कातळाखाली याहून चांगलं होईल असं वाटत नाही.

मी फोन नाकासमोर धरून गोलगोल फिरत होते तर भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, फोन ठेव ना खिशात आता. जवळ आलो की बघायचं असतं, तूच म्हणतेस." बरोबर आहे त्याचं. शेवटच्या दहा मीटरमध्ये फोनचा उपयोग नाही, तिथं दगड कुठला उपरा वाटतोय, पालापाचोळा कुठं नको तेवढा नीट रचलाय, ते बघायचं.

२६ एप्रिल, परवानगी

जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या व्यवस्थापकांना भेटलो. भले गृहस्थ, पण प्रश्न नेमके. खिळा ठोकणार का? नाही. खणणार का? नाही, जागेच्या मालकाच्या खास परवानगीशिवाय ते खेळाच्या नियमातच बसत नाही. लोक रात्री येतील का? पानावर फक्त दिवसा असं लिहीन. मग शेवटचा, "आणि कुणी डबा बघून बॉम्ब समजलं तर?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. २०११ साली इंग्लंडमध्ये वेदरबी गावात एका कॅफेबाहेरचा कॅश संशयास्पद वस्तू समजून बॉम्बशोधक पथकानं उडवून दिला होता. कॅश बघून नाही, तर तिथल्या एका माणसाची संशयास्पद हालचाल बघून कुणीतरी पोलिसांना कळवलं होतं. म्हणून डब्यावर बाहेरून लेबल: हा खेळाचा डबा आहे, धोकादायक काही नाही, कॅशचं नाव, संपर्क. आत एक चिठ्ठी, चुकून सापडला तर काय करायचं त्याची. आणि तिन्ही जागांचा फोटो, मॅप आणि माझा नंबर व्यवस्थापकांकडे. ते म्हणाले, "बांधाचे दगड मात्र हलवायचे नाहीत हं." मी म्हणलं अजिबात नाही. डबी दगडांच्या फटीत सहज बसते, हलवायचा प्रश्नच नाही.

संध्याकाळी कॅशचं पान भरून रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पब्लिश करायच्या आधी कॅश तपासणाऱ्याकडे, पाठवलं.

हिंटबद्दल एक, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास. पानावरची हिंट रॉट-१३ नं लपवलेली असते, म्हणजे प्रत्येक रोमन अक्षर १३ घरं पुढे. देवनागरीला ते हातच लावत नाही! 'कातळाखाली डावीकडे' असं लिहिलं तर ते जसंच्या तसं उघडं दिसणार. हिंट मग रोमन लिपीत मराठी अशी लिहिली, दिसायला भयंकर पण लपते तरी.

२९ एप्रिल

रिव्ह्यूअरचं उत्तर आलं. नाही.

पुलाची स्टेज दुसऱ्या एका कॅशपासून १६१ मीटरच्या आत येते म्हणे. मॅपवर तर तिथं आसपास काहीच नाही! नंतर ट्यूब पेटली. मिस्टरी कॅश. त्याचं चिन्ह मॅपवर भलतीकडे असतं, खरा डबा कोडं सोडवल्यावर कळतो, आणि तो खरा डबा आमच्या पुलाच्या जवळ कुठंतरी आहे. रिव्ह्यूअर कुठं आहे ते सांगणार नाही, बरोबरच आहे, आणि ते कोडं आम्हाला आजतागायत सुटलेलं नाही.

यात वेळ वाचवायचा असेल तर: जागा पक्की करायच्या आधी, डबे रंगवायच्या आधी, कोऑर्डिनेट्स मोजत बसायच्याही आधी, कच्चे कोऑर्डिनेट्स टाकून पान अर्धवट बनवा आणि रिव्ह्यूअरला विचारा की ही जागा मोकळी आहे का. ते तपासून सांगतात. आम्ही हे सगळ्यात शेवटी केलं.

३ मे

आज पब्लिश व्हायचं होतं. आज आम्ही पुलावर उभं राहून आता काय करायचं याचा विचार करतोय.

तसंही पुलाखाली डबी ठेवता आली नसती. भाचा वाकून हात घालणार तेवढ्यात म्हणलं थांब आधी टॉर्च मार, तर लोखंडी पट्टीच्या आत गांधीलमाशांचं पोळं. छोटंसं होतं पण बघवेना. डोळ्यांना दिसत नाही तिथं हात घालायचा नाही, आधी टॉर्च मग काठी मग हात, हे शोधताना जितकं लागू तितकंच लपवताना.

उपाय सापडला तो बरा निघाला. १६१ मीटरचा नियम प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंना आहे. जिथं काही ठेवायचंच नाही, फक्त तिथली माहिती वाचायची, अशा व्हर्च्युअल स्टेजला तो लागू नाही. पुलाच्या तोंडाशी बांधकामाचं वर्ष कोरलेली दगडी पाटी आहे. त्या वर्षाचे आकडे आणि कठड्याचे खांब मोजून येणारा आकडा, यावरून दुसऱ्या स्टेजचे कोऑर्डिनेट्स काढायचे. डबी नाही, पोळं नाही, भिजण्याची भानगड नाही.

१० मे, टेस्ट

पब्लिश करायच्या आधी काकांना आणि त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, पाठवलं. आम्ही लांब बसून बघत होतो. काका पुलाशी उभे, मग उलट्याच बाजूला चालायला लागले. आम्ही गप्प, टेस्टमध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी फोन केला, "अगं इथं तर नुसतं रान आहे, बांध कुठाय?"

दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, खांब. काकांनी टोकाचे दोन धरले, ताईनं सोडले. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर. जे मोजायला दोन माणसांची दोन उत्तरं येऊ शकतात ते कोड्यात घालू नका. खांब काढून टाकले, फक्त पाटीवरचे आकडे ठेवले. शिवाय आलेल्या कोऑर्डिनेट्समधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज पानावर देऊन टाकली, म्हणजे चढ चढायच्या आधी आपलं चुकलंय का ते पुलावरच कळतं.

दुसरी जास्त महाग. ताईनं खांब सोडूनही ती बांधापासून लांबच पोचली, कारण तिच्या मॅपच्या ॲपमध्ये फॉरमॅट वेगळा होता. आपण लिहितो अंश आणि दशांश मिनिटं, समजा ३४.२०५ मिनिटं. तिनं ते ३४ मिनिटं २०.५ सेकंद असं टाकलं. खरं तर .२०५ मिनिटं म्हणजे १२.३ सेकंद. फरक ८.२ सेकंदांचा, जमिनीवर अडीचशे मीटर. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सेकंदच लिहिलेत." जुन्या कॅशरला हे पाठ असतं, नवीन माणूस हमखास इथं अडकतो. पानावर आता ठळक वाक्य आहे, मिनिटांनंतरचा टिंब दशांशाचा आहे, सेकंद नाहीत.

टेस्ट करायला आपल्याच घरातलं माणूस नको, हेही कळलं. भाच्याला जागा माहीत होत्या, त्याला सगळं सोपंच वाटत होतं.

१७ मे

पब्लिश झाला! पाचपैकी डिफिकल्टी, म्हणजे शोधायला किती अवघड, २.५, आणि टेरेन, म्हणजे पोचायला किती अवघड, २.५.

टेरेनबद्दल आमचं घरात भांडण झालं होतं, भाच्याला ४ हवा होता, भारी दिसतो म्हणून. टेरेन ५ म्हणजे खास साधनाशिवाय पोचताच येत नाही, दोर, होडी, पाण्याखाली जायचं सामान. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियटनं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ठेवलेला कॅश घ्या, तिथं जायला रॉकेट लागतं. आमच्या टेकडीला चांगले बूट लागतात. रेटिंग फुगवलं की लोक चुकीच्या तयारीनं येतात, कमी दिलं की त्याहून वाईट.

एफटीएफ, म्हणजे सगळ्यात आधी शोधायचा मान, दुपारपर्यंत गेला. पहिल्या पानावर दोन सह्या, दोघं पुलावर भेटले म्हणे आणि एकत्रच वर गेले.

७ जून, बांध

आजची नोंद लिहायचा कंटाळा आलाय पण लिहायलाच हवी.

गेल्या दोनतीन आठवड्यांत डीएनएफ, म्हणजे 'सापडला नाही' अशा नोंदी, वाढत होते. सगळे दुसऱ्या स्टेजवर. मी मनात म्हणत होते, छान लपवलंय की. काल व्यवस्थापकांचा फोन आला, "तुम्ही येऊन बघा जरा." आवाजावरूनच कळलं.

बांधाचा दहाबारा फुटांचा पट्टा उसकटलेला. वरचे दगड खाली गवतात, काही ठिकाणी आतला बारीक भराव बाहेर आलेला. कुणी मुद्दाम केलेलं नाही. प्रत्येकानं एकदोन दगड काढून बघितले असणार, नीट परत ठेवले नसणार, पुढचा आला त्याला वाटलं इथला दगड हललेला दिसतोय म्हणजे इथंच असणार, मग त्यानं आणखी दोन काढले. आमची डबी त्या पट्ट्याच्या बाहेर, फटीत जशीच्या तशी सुखरूप.

म्हणजे बघा, डबी हलवायला दगड काढावा लागत नव्हता हे आम्हाला माहीत होतं, शोधणाऱ्याला कसं कळणार? वर आणि झाडांमुळे कोऑर्डिनेट्स सातआठ मीटर इकडेतिकडे, हिंटमध्ये नुसतं 'फटीत'. सातआठ मीटर लांब बांधातल्या सगळ्या फटी तपासायला लावल्यावर माणूस काय करणार. रचलेल्या दगडांत, फुलांच्या वाफ्यात, जुन्या भिंतीत कॅश लावूच नये, कितीही बारीक सोय केली तरी. शोधणारा दमला की तो शिस्तीत शोधत नाही. डबा न सापडल्यावर तो कशाकशाला हात घालेल, हे जागा निवडतानाच बघायला हवं.

आज दिवसभर दगड परत रचले. व्यवस्थापकांनी त्यांच्याकडचा एक जाणकार माणूस दिला, मोठे दगड खाली, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आतला भराव ठासून, असं तो सांगत होता आणि आम्ही उचलत होतो. त्याचे पैसे मी दिले. परवानगी राहिली, पण बांधापासून लांब जायच्या अटीवर.

नवी जागा: वाटेच्या वळणाशी आडव्या पडलेल्या मोठ्या खोडाची पोकळी. डबीला तार बांधून आत लटकवली, हिंटमध्ये स्पष्ट 'खोडाच्या पोकळीत, काहीही हलवायची गरज नाही'.

आता हे ऐका. जागा बदलली म्हणजे पाटीच्या आकड्यांचं सूत्र बदललं. पान लगेच सुधारलं, रिव्ह्यूअरला कळवलं. पण ज्यांनी पान आधीच ऑफलाइन उतरवून ठेवलंय ते जुन्याच सूत्रानं बांधावरच जाणार! त्यावर एकच उपाय सापडला, बांधाच्या टोकाशी वाटेवर व्यवस्थापकांच्याच फळीवर एक छोटी पट्टी लावली: कॅश इथं नाही, पान पुन्हा बघा. खेळाची मजा जाते थोडी. जाऊ दे.

२९ जून, पाणी

पावसाची पहिली मोठी सर झाल्यावर पानावर एका शोधणाऱ्याचा लॉग, म्हणजे नोंद, आला, "वही ओली आहे, तरी मस्त कॅश." तरी मस्त कशाला, ओली तर ओली म्हणा. मेंटेनन्स हवा असं सरळ नोंदवलेलं मालकाला फार बरं पडतं, त्यात अपमान वगैरे काही नसतो.

वर गेलो. चारही क्लिपा लागलेल्या, डबा बाहेरून ठणठणीत, आत तळाला पाणी. बादलीत आणि उन्हात पास झालेला हाच डबा. झाकण उलटं करून टॉर्च मारली, गास्केटवरून बोट फिरवलं तर एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा अगदी पातळ तुकडा चिकटलेला. वहीच्या झिपच्या पिशवीचा कोपरा. कुणीतरी बंद करताना पिशवीचं टोक कडेत अडकलं, क्लिप तरीही लागली, टक् आवाजही आला असणार, आणि त्या टोकावरून थेंब थेंब आत. दुसऱ्या बाजूला गास्केटच्या खाचेत वाळूचे चारपाच कण, तिथंही ओलीची रेघ. पिशवीलाही घडीवर बारीक भोकं पडलेली, म्हणजे पाणी आत जायला वाट आणि बाहेर यायला नाही, वही त्यातच भिजत राहिलेली. ओल शोषायला ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या भिजून मऊ, एकदा भरल्या की त्या नुसतं ओझं.

बदललं ते असं. मोठी पिशवी काढून टाकली. वहीला डब्यापेक्षा बरीच लहान, घट्ट झाकणाची आतली डबी, म्हणजे बाहेर लोंबणारं टोकच राहात नाही. स्वॅग, म्हणजे अदलाबदलीच्या बारीकसारीक वस्तू, कमी केला, डबा गच्च भरलेला असला की लोक दाबून बंद करतात. गास्केटची खाच जुन्या टूथब्रशनं साफ केली. झाकणाच्या आत बाण काढून लिहिलं, 'ही कड पुसा, मग बंद करा'. आणि डबा कातळाखाली सपाट न ठेवता दोन चपट्या दगडांवर, झाकण थोडं उतरतं, म्हणजे वर पाणी साचत नाही.

ओढ्याचं वेगळंच. पूल छोटा, पाणी पुलावरून जात होतं. आम्ही अर्धा तास थांबून परत आलो, दुसऱ्या दिवशी गेलो. पाणी ओसरेपर्यंत कॅश तात्पुरता बंद ठेवला, टेरेन ३.५ केला, पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलं की पुलावर पाणी असेल तर फिरा मागे. लोक एका सहीसाठी काय काय करतात ते मी बघितलंय, मीसुद्धा केलंय.

२० जुलै

आतल्या डबीचा कोपरा कुरतडलेला! मोठ्या डब्याचाही. उंदीर किंवा खार. कुणीतरी स्वॅग म्हणून सुगंधी खोडरबर ठेवलं होतं, स्ट्रॉबेरीचं. खायचं नको हे सगळ्यांना माहीत असतं, वासाचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मेणबत्ती, साबण, वासाचं लिपबाम, सगळं त्यातच. डबा बदलला, म्हणजे परत पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. या वेळी दोन एकदम बनवले, एक जादा.

भाचा खोडरबर घेऊन गेला. बदल्यात गोटी ठेवली, नियमाप्रमाणे.

१७ ऑगस्ट

डबा कोरडा. डबी कोरडी. वही छान.

पण वाटेवरून कातळाकडे गवतात एक सरळ पायवाट पडलीय. आम्ही लावला तेव्हा तिथं वाट नव्हती. आता कोऑर्डिनेट्सची गरजच नाही, वाटेनं जा आणि वाट संपेल तिथं वाका. मगल, म्हणजे हा खेळ न खेळणाऱ्या, लोकांनाही ती दिसते, बिनकामाची वाट संपते कुठं बघू म्हणून कुणीही जाईल. शिवाय उतारावर माती उघडी पडलीय, पुढच्या पावसात तिथून पाणी धावणार. वाटेवर वाळलेल्या फांद्या आडव्या टाकल्या, आणि पानावर वरच्या बाजूनं खडकावरून यायला सांगितलं, तिथं पाऊल उमटत नाही. पार्किंगचा पॉइंट देतो तसा वाटेवरून कुठं वळायचं त्याचा वेगळा पॉइंट पहिल्या दिवसापासून द्यायला हवा, नाहीतर फोनचा बाण सरळ रेषेत ओढून नेतो, मध्ये काय आहे ते बाणाला काय माहीत.

एक ट्रॅव्हल बग, म्हणजे एका कॅशमधून दुसऱ्यात फिरणारा नंबरचा बिल्ला, गायब आहे. वहीत सही आहे, ऑनलाइन काही नाही. घेतला असेल तर निदान घेतला म्हणून टाका बाबांनो, मालक वाट बघत असतो.

१४ सप्टेंबर

खोडातली डबी तपासली. तारेला गंज, डबी ठीक. तार बदलून नायलॉनची दोरी लावावी का, तर काका म्हणतात दोरी कुरतडतात, तारच पण प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली. ती मिळेपर्यंत जुनीच.

वही अर्धी भरली. मेंटेनन्सच्या पिशवीत आता कायमचं सामान असतं: जादा डबा रंगवलेला, आतली डबी, वही, पेन्सिली, टूथब्रश, कोरडं फडकं, गास्केट, टॉर्च, कचऱ्याची पिशवी. कचऱ्याची पिशवी दर वेळी भरून येते.

ताईला आता स्वतःचा कॅश लावायचाय, तिनं विचारलं पहिलं काय करू. म्हणलं डबा नको घेऊस, आधी कच्चे कोऑर्डिनेट्स रिव्ह्यूअरकडे पाठव. तिनं डबा घेतलाय आधीच, झाकणावर वॉटरप्रूफ लिहिलेला. शनिवारी तो उन्हात तापवून बादलीत टाकायचाय.